सुईने निदान झालं, मग गाठ का काढायची?

सुईच्या तपासणीत लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) आलाच आहे, मग अख्खी गाठ कशाला काढायची, असं वर विचारलंय. आमच्या चोपड्याच्या मामांच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो. मानेत लिंबाएवढी गाठ, दुखत नव्हती, म्हणून केळीची कापणी उरकेपर्यंत अंगावर काढली. मग चार महिने टीबीच्या गोळ्या (गाठ म्हटली की आपल्याकडे आधी टीबीच!), आणि शेवटी जळगावात गाठ काढली.

सुईने सुट्या पेशी येतात, गाठीची आतली रचना दिसत नाही. हॉजकिनमध्ये (लिम्फोमाचा एक गट; बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन) घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं असलेली मोठी रीड-स्टर्नबर्ग पेशी शोधतात. ती असते मोजकीच, भोवती गर्दी साध्या पेशींची. सुईतून सहज निसटते. पुढे आयएचसी, म्हणजे पेशींवरची ओळखीची प्रथिनं रंगवून पाहायची तपासणी: सीडी ३० आणि सीडी १५ ही प्रथिनं उमटली तर बहुधा हॉजकिन, सीडी २० ठळक आला तर बहुधा बी-पेशींचा (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नॉन-हॉजकिन. मामांचा डिफ्यूज लार्ज बी-सेल निघाला, म्हणजे बी-पेशींच्या नॉन-हॉजकिनचाच एक प्रकार. झपाट्याने वाढणारा, पण औषधाला दाद देणारा. फॉलिक्युलर हा त्यातलाच दुसरा प्रकार उलट, वर्षानुवर्षं रेंगाळतो. सीडी २० होता म्हणूनच मामांना रिटुक्सिमॅब (सीडी २० ला चिकटणारं औषध) देता आलं.

ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे पातळ काप) मात्र लॅबमधून मागून घ्या. मुंबईला दुसरं मत घ्यायचं तर तेच लागतात, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.