सेन्सरचा आकडा आणि बोट टोचून घेतलेला आकडा
मधुमेहींच्या दंडावर चिकटवलेल्या, सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरने दाखवलेली साखर ग्लुकोमीटरशी (बोट टोचून रक्तातील साखर मोजणाऱ्या यंत्राशी) जुळत नाही, म्हणून तो सेन्सर कुचकामी आहे, असे मत या चर्चेत एका सदस्याने मांडले आहे. ते घाईचे वाटते. सेन्सरची केसासारखी बारीक तार रक्तवाहिनीत नसून त्वचेखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असते. तिच्यावरील विकराची (एन्झाइमची) त्या द्रवातील साखरेशी अभिक्रिया होऊन जो अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, त्यावरून आकडा काढला जातो. रक्तातील साखर या द्रवात उतरायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे न्याहारीला घावन किंवा आंबोळ्या झाल्यावर साखर चढत असताना सेन्सर मागे राहणारच. तुलना करायचीच तर सकाळी उपाशीपोटी करावी. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे खोटी घट दिसते, तेही ध्यानात असावे.

आपल्या रत्नागिरी-गुहागरकडे खरी अडचण घामाची आहे. मे महिन्यातल्या दमट हवेत चिकटपट्टीच्या कडा मुदतीआधीच सुटू लागतात. म्हणून दंडाला तेल न लावता, तो पूर्ण कोरडा करूनच सेन्सर बसवावा आणि वरून जादा पट्टी लावावी. (मोबाइलला रेंज नसल्याने आकडे दिसत नाहीत, ही तक्रार इथे गैरलागू आहे, कारण सेन्सर मोबाइलशी ब्लूटूथने जोडलेला असतो, इंटरनेट लागते ते मुंबईतल्या मुलांना आकडे दिसावेत यासाठी.)

मात्र साखर घटल्यासारखे हातपाय थरथरत असूनही सेन्सर नेहमीचाच आकडा दाखवत असेल, तर बोट टोचूनच खात्री करावी.