दगडावरचा आकडा नेमका कुठपर्यंतचा? (आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ओंकार (सी-१०३): रविवारी बाईकवर भोरवरून वरंध घाटाच्या बाजूला गेलो होतो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतीये म्हणून इथे टाकतो. एका फाट्यावर मोठ्या बोर्डावर महाडचं अंतर वाचलं, नंतर मीटर बघत बघत चार किमी पुढे गेलो तर कडेच्या दगडावर महाड एक किमीने जास्तच! म्हणजे चार किमी पुढे जाऊन मी एक किमी मागे आलो? आणि मॅपवर तिसराच आकडा. नाना, तुम्ही बांधकाम खात्यात होतात ना, ह्यात खरं कोणाचं धरायचं?

मेधाताई (बी-४०२): आम्हालाही पाबे घाट उतरताना असंच झालं होतं

नाना (ए-२०१): अरे ओंकार तिन्ही खरे असू शकतात. आधी हे बघायचं की कोणी कुठून कुठपर्यंत मोजलंय. मोठा बोर्ड आणि कडेचा दगड ही एका हातची कामं नाहीत. दगड बसतो रस्ता होतो तेव्हा, साखळी धरून म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून अंतर मोजत, आणि बोर्ड येतो कधीतरी नंतर रुंदीकरणाच्या टेंडरमध्ये. मधल्या काळात एखादं वळण काढून टाकलं, बायपास निघाला, की रस्ता अर्धा-एक किलोमीटर कमी-जास्त होतो, पण म्हणून पुढचे सगळे दगड उपटून परत कोण बसवणार, ते आहेत तिथेच राहतात. आणि दुसरं, गाव म्हणजे कुठे? कोणी पोस्ट धरतं, कोणी एसटी स्टँड, कोणी नुसती वेस. मोठं गाव असेल तर तिथेच दोन-तीन किमीचा फरक पडतो.

ओंकार (सी-१०३): मग "पुणे ४०" म्हणजे कुठपर्यंत ४०?? आमच्यासाठी तर कात्रज आलं की पुणे आलं

नाना (ए-२०१): आपल्या जीपीओच्या, म्हणजे मुख्य पोस्टाच्या बाहेर फुटपाथला शून्याचा दगड आहे, बघितलायस का? जुना हिशोब तिथून. कात्रजपासून तिथे जायला अजून दहा-अकरा किलोमीटर लागतात, म्हणून घरी पोचलो तरी दगडाच्या हिशोबाने अंतर शिल्लकच राहतं.

शिंदे काकू (ए-५०४): नागपूरला पण आहे तो चार घोड्यांचा झीरो माइल, आम्ही पाहिलाय

जोशी काका (बी-१०१): नाना, सातारा रस्त्याला कडेला आठशेच्या पुढचे आकडे दिसतात ते कशाचे मग, पुण्यापासून आठशे किमी तर नक्कीच नाही.

नाना (ए-२०१): तो साखळी क्रमांक काका, इंग्रजीत चेनेज म्हणतात. त्याचा पुण्याशी काही संबंध नाही, अख्खा हायवे जिथून मोजायला घेतला तिथपासूनचा आकडा असतो तो. साताऱ्याच्या पुढे शेंद्रे, तिथे ७२५ आणि देहूरोडला ८६५, असा तो पट्टा आहे. पूर्वी तो एनएच ४ म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४ होता, २०१० ला देशभर नंबर बदलले आणि आता ४८ झाला, पण कागदावर साखळी जुनीच चालत राहिली. गाव किती लांब हे बोर्ड सांगतो, साखळी सांगते की तुम्ही रस्त्यावर नेमके कुठे उभे आहात. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे आणि ती कोणी वाचतच नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मेधाताई (बी-४०२): नाना ते सांगू का आमचं, नसरापूर रोडचं?

नाना (ए-२०१): सांगा की ताई, त्याच्याने लोकांना पटेल

मेधाताई (बी-४०२): गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याहून परत येत होतो, मी हे आणि सासूबाई, संध्याकाळचे सात वाजून गेलेले, पाऊस, आणि गाडी बंद पडली ती पडलीच. आजूबाजूला एक दिवा नाही. रेंज कधी एक कांडी कधी तीही नाही, लोकेशन पाठवायला गेलं की नुसतं फिरत राहायचं. नसरापूरच्या मेकॅनिकला कसाबसा फोन लागला तर तो विचारतो ताई नक्की कुठे, आणि आम्ही सांगतोय डावीकडे भातखाचरं आहेत, आता तिकडे भातखाचरं कुठे नाहीत! मग मी नानांना फोन केला, ते म्हणाले टॉर्च घ्या आणि रस्त्याच्या कडेने चालत गवतात छोटा दगड शोधा, गुडघ्याच्या खाली असतो, त्याच्यावर एकच आकडा असेल. सापडला, अर्धा चिखलात. ओढणीने पुसला तर नुसता ४. मला काही कळेना. नाना म्हणाले आता मोठा दगड गाठा. तो मागे सापडला, त्याच्यावर १९ होतं पण ९ चा रंग उडालेला, मला ११ वाटत होतं, मग बोट फिरवून बघितलं तर ९ चा गोळा खोदलेला हाताला लागला. मेकॅनिकला सांगितलं एकोणीस आणि चारशे मीटर, तो म्हणाला बस्स कळलं, आणि पाऊण तासात हजर! सासूबाई अजून तो दगड काढतात बोलण्यात.

ओंकार (सी-१०३): बापरे. म्हणजे ते छोटे दगड २, ४, ६, ८ वाले?? मी लहानपणापासून बघतोय, मला वाटायचं शेताच्या हद्दीचे आहेत

नाना (ए-२०१): हो तेच. दर २०० मीटरला एक. २ म्हणजे २००, ४ म्हणजे ४००, आठनंतर परत मोठा किलोमीटरचा दगड. आणि दर पाचवा किलोमीटरचा दगड बाकीच्यांपेक्षा मोठा असतो, पुढच्या वेळी बघ. डोक्याचा रंग पण बघायचा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, काळा किंवा निळा दिसला तर जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला, ती योजना २००० साली सुरू झाली म्हणून नारिंगी दगड सगळे त्यानंतरचे. फोनवर "हिरवा दगड, एकोणीस, चार" एवढं सांगितलं तरी रस्त्यावर काम केलेला माणूस अंधारात येऊन पोचतो. १०८ ला फोन केला तरी हेच सांगा.

जोशी काका (बी-१०१): उत्तम माहिती. मैल जाऊन एवढी वर्षं झाली तरी आपण मैलाचा दगडच म्हणतो, ह्याची मजा वाटते. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा.

नाना (ए-२०१): आणि आमच्याकडे मैलकुली पण मैलकुलीच राहिला काका, किलोमीटरकुली नाही झाला. मी १९८१ ला लागलो तेव्हा प्रत्येक मैलकुलीला त्याचा त्याचा तुकडा वाटून दिलेला असायचा. खड्डा भरणं, चर मोकळी करणं, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे आणि दगड धुऊन रंगवणं, सगळं त्याच्याकडे. भोरकडचे एक मैलकुली होते, त्यांना लिहायला येत नव्हतं पण दगडावरचा आकडा असा काढायचे की छापल्यासारखा, जुन्या खाचेत ब्रश फिरवायचे एक थेंब बाहेर न जाता. आता कित्येक ठिकाणी रंग मारणारा कंत्राटाचा, तो खाच न बघता वरून लिहितो, मग ३५ चे ३६ होतात. ओंकारच्या फरकातला एखादा किलोमीटर असाही वाढलेला असू शकतो. रुंदीकरणात दगड उपटून चरात टाकलेले बघितले की जीव तुटतो माझा. कुठे आडवा पडलेला दिसला तर फोटो काढून खात्याला कळवा, उचलून फार्महाऊसला शोभेसाठी नेऊ नका, हात जोडून सांगतो.

ओंकार (सी-१०३): नक्की नाना. अजून एक विचारायचं राहिलं, बोर्डावर "मुळशी" लिहिलेलं असतं त्याचं अंतर कुठपर्यंत धरायचं? तालुक्याचं गाव तर पौड ना

नाना (ए-२०१): बरोबर पकडलंस. मावळ म्हटलं तर कचेरी वडगावला, पुरंदर म्हटलं तर सासवडला. तालुक्याचं नाव एक आणि गाव दुसरंच. त्यात खुर्द-बुद्रुक. बोर्डावर नुसतं खु. आणि बु. असतं, बाहेरच्या माणसाला काय कळणार खुर्द धाकटं आणि बुद्रुक थोरलं, तो चुकीच्या फाट्याला वळतो.

शिंदे काकू (ए-५०४): आंबेगावचं पण तसंच आहे. कात्रजजवळचं आंबेगाव बुद्रुक वेगळं, आणि आमचा आंबेगाव तालुका तिकडे नाशिक रस्त्याला, कचेरी घोडेगावला. माझं आजोळ मूळ आंबेगावचं, ते गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळं दिसतात. तिकडे जाताना पाटीवर आंबेगाव वाचलं की पुढचा आकडा मी अजून वाचते, कुठपर्यंतचा आहे माहीत नसतं तरी. ओंकार तू बाईकवर फिरतोस, घोडेगावच्या पुढे डिंभ्यापर्यंत गेलास तर जुने दगड राहिलेत का बघ रे आणि फोटो टाक.

ओंकार (सी-१०३): ह्या शनिवारीच जातो काकू. छोटे-मोठे सगळे काढतो फोटो, आकडे नीट दिसतील असे.

नाना (ए-२०१): बरोबर पाण्याची बाटली आणि जुना नारळाचा ब्रश घे. आधी पाणी टाकायचं, मग हलक्या हाताने घासायचं.