दीड हजारात बोन्सायची हत्यारं: आधी काय घ्यावं?

गॅलरीतली बाग, नाशिक

नमस्कार मंडळी. मी बोन्सायमध्ये अगदी नवी आहे. सध्या तीन झाडं आहेत. सोसायटीच्या टाकीच्या भिंतीतून मुळासकट काढलेला वड, त्याचं खोड आता अंगठ्याएवढं झालंय. नर्सरीतून आणलेला जेड. आणि माहेरच्या कुंपणावरच्या बोगनवेलीचा जाड छाट, तो छान फुटलाय. आतापर्यंत स्वयंपाकघरातल्या कात्रीवर भागवलं, पण वडाची फांदी तिने चेचली जाते आणि साल सोलून येते. ते बघवत नाही.

बजेट दीड हजार, त्याच्या वर जाता येणार नाही, कारण याच महिन्यात मुलीची फी आहे. ऑनलाइन दहा नगांचा संच बाराशेला दिसतोय, रेक्झिनच्या पाकिटासकट. दुसरीकडे नुसता एक कॉन्केव्ह कटरच (फांदी खोडालगत कापायचं, आत वळलेल्या पात्यांचं हत्यार) हजाराच्या पुढे. संच घ्यावा की एकच चांगलं हत्यार? वडाची खालची एक फांदी, साधारण पेन्सिलपेक्षा थोडी जाड, काढायचीच आहे.

टूलरूम काका, चिंचवड

ताई, संच नको. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली, म्हणजे पोलाद आणि धार यांच्यातच. गच्चीवर वड, उंबर, पिंपळ आहेत. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. बाराशेला दहा नग म्हणजे नगाला एकशेवीस रुपये. एवढ्यात पातं नीट हार्डन करून, घासून, जुळवून देणं कुणालाच परवडत नाही. दिसायला चकचकीत असतं, पण वडाच्या चिवट फांदीवर धार दुमडते. शिवाय त्यातला ब्रश, चिमटा, छोटं फावडं हे सगळं घरात असतंच.

आधी झाडं बघू, मग हत्यार ठरवू.

जेडचा देठ मऊ, पाण्याने भरलेला. कुठलीही स्वच्छ, धारदार कात्री चालते. पेराच्या जरा वर कापा, उरलेला तुकडा सुकून पेरापाशी आपोआप गळून पडतो. कापल्यावर काही दिवस पाणी देऊ नका, एवढंच.

बोगनवेलीचं लाकूड कापल्या जागेवरून आत कुजत जातं. म्हणून मोठी फांदी खोडालगत न कापता थोडा खुंट ठेवायचा, कापाला जखम झाकायची पेस्ट लावायची आणि खुंट पूर्ण सुकल्यावर कोरून काढायचा. तिथे सिकेटर (फांद्या छाटायची बागेची कात्री) आणि बारीक करवत पुरते.

राहिला वड. कॉन्केव्ह कटरची खरी गरज फक्त इथे आहे. त्याची पाती मिटली की खोडात वाटीसारखा उथळ खळगा राहतो. चहूबाजूंची साल त्या खळग्यावर सरकत येते आणि जखम भरल्यावर जागा खोडाच्या पातळीला येते. सिकेटर खोडाला तितका भिडतच नाही. खुंट उरतो, त्याच्यावर साल चढते आणि गाठ तयार होते. वड जखम फार झपाट्याने भरतो, त्यामुळे त्याच्यावर ही गाठ अधिकच फुगते, आणि झाड लहान असल्याने नजर नेमकी तिथेच जाते.

पण ती फांदी आत्ता काढूच नका. नाशिकची थंडी सुरू झाली आहे, थंडीत वड झोपलेला असतो आणि जखम तशीच उघडी राहते. मार्चमध्ये ऊन तापलं, नवी पालवी जोरात आली की कापा. म्हणजे कटरसाठी तुमच्याकडे तीन-चार महिने आहेत.

आत्ता हे घ्या. लांब नाकाची छोटी कात्री, कशिदाकामाला वापरतात तसली, शंभर-दीडशेला. पानं आणि कोवळे शेंडे तिनेच कापायचे. एक बायपास सिकेटर, फाल्कन कंपनीचा चारशेच्या आसपास मिळतो. बायपास म्हणजे एक पातं दुसऱ्याच्या बाजूने सरकून जातं तो. ज्यात पातं सपाट पट्टीवर आदळतं तो घेऊ नका, त्याने फांदी चेचली जाते. कापताना धारेचं पातं खोडाच्या बाजूला ठेवा, दाबणारं पातं टाकून द्यायच्या फांदीकडे. फांदी वळवायला तिच्यावर तार गुंडाळतात, त्या तारेसाठी तापडिया कंपनीचा साइड कटर (तार तोडायची पक्कड), अडीचशेच्या आत-बाहेर. झाडाच्या कात्रीने तार कधीही कापू नका. एकदा कापली की धारेत खाच पडते आणि पुढचा प्रत्येक काप त्या जागी साल ओढतो. तार झाडावरून काढतानाही उलगडत बसू नका, साइड कटरने वेढ्यावेढ्याला तोडून काढा, म्हणजे फांदी मोडत नाही.

करवतीऐवजी हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं. दुकानदार चोवीस दातांचं हातात देईल, तुम्ही इंचाला अठरा दातांचं मागा. ओल्या लाकडाचा भुसा बारीक दातांत अडकून बसतो. अर्ध्या पात्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली की मूठ झाली. आणि एक दोन बाजूंचा धारेचा दगड घ्या. मुळं मोकळी करायला बांबूची काडी, तिला पैसे पडत नाहीत.

हे सगळं हजाराच्या आत बसतं. उरलेले पाचशे कटरसाठी बाजूला ठेवा.

समुद्रकाठची कामिनी, रत्नागिरी

काकांचं बरोबर आहे, पण गंजाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. काळी, कार्बन स्टीलची हत्यारं धार छान धरतात, पण आमच्याकडच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतात. नाशिकला एवढा त्रास नसेल, तरी पावसाळ्यात होणारच. ज्याला दर वेळी पुसून ठेवणं जमणार नाही त्याने स्टेनलेस घ्यावं, धार जरा लवकर जाते, पण हत्यार तरी टिकतं.

वडाचा चीक सगळ्यात वाईट. तो ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडं करा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात आणि पात्यावर. खोबरेल तेल हाताचा चीक काढायला उत्तम, पण हत्यारावर लावून ठेवू नका, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. वाळलेला चीक टर्पेंटाइनने निघतो. रेक्झिनच्या पाकिटात ओल कोंडते, त्यापेक्षा तेलकट सुती कापडात गुंडाळून ठेवा. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

पेठेतला उंबर, पुणे

कॉन्केव्ह कटर लागतोच असं नाही. मी फांदी हॅकसॉने कापतो आणि खुंट सुताराच्या गोल पटाशीने कोरून खळगा करतो. रविवार पेठेत बोहरी आळीला पटाशी दोनशेच्या आत मिळते. पैसे कमी असतील तर हाही रस्ता आहे. कापाच्या कडेची साल शेवटी धारदार ब्लेडने साफ करायची, कारण करवतीने फाटलेली साल नीट भरून येत नाही.

टूलरूम काका, चिंचवड

उंबरवाले म्हणतात ते चालतं, मोठ्या खोडावर मीही पटाशीच वापरतो. पण अंगठ्याएवढ्या खोडावर नाही सांगणार. कोरताना जोर द्यावा लागतो, झाड कुंडीत हलतं, मुळं सैल होतात, आणि पटाशी सटकली तर समोर दुसऱ्या हाताची बोटं असतात. पटाशी वापरायचीच असेल तर कुंडी पक्की बांधा आणि हात पटाशीच्या मागे ठेवा.

गॅलरीतली बाग, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. संच रद्द. काका, मार्चमध्ये कटर घेताना तो चांगला आहे हे कसं ओळखायचं? ऑनलाइन फोटोत सगळे सारखेच दिसतात.

टूलरूम काका, चिंचवड

म्हणूनच हातात घेऊन घ्या. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं. तिथे बोन्सायही मांडलेले असतात आणि बागकामाच्या साहित्याचे स्टॉलही. जमलं तर या. झाडं बघून होतील ते वेगळंच.

कटर हातात आला की आधी मिटून उजेडासमोर धरा. दोन्ही धारा टोकापासून टोकापर्यंत एकमेकींना टेकल्या पाहिजेत, मधून उजेडाची रेघ दिसली तर परत ठेवा.  मग मुठी धरून पाती आडवी हलवून बघा. सांध्यात खेळ जाणवला तर तो पुढे वाढतच जातो. शेवटी पातळ कागदाची घडी टोकाने कापून बघा. कागद तुटला पाहिजे, चिमटीत नुसता दुमडला तर धार जुळलेली नाही. स्टॉलवाला कागद कापू देत नसेल तर दुसरा स्टॉल बघा.

आठ इंच लांबीचा कटर घ्या, घरच्या झाडांना सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडतो. जबड्याच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत जाड फांदी कापायची, त्यावरची आधी करवतीने. आणि कापताना मूठ पिळायची नाही. फांदी एका दाबात तुटत नसेल तर हत्यार बाहेर काढा आणि फांदी दोन-तीन छोट्या घासांत कापा. पिळलं की पाती सरकतात, आणि एकदा सरकलेली पाती घरी जुळवता येत नाहीत.

तोपर्यंत त्या फांदीचे शेंडे छोट्या कात्रीने खुडत राहा, म्हणजे ती आणखी जाडावणार नाही आणि मार्चमधली जखम लहान राहील. आणि फांदी काढल्यावर चीक वाहू लागला की घाबरू नका, पाण्याचा फवारा मारा, थोड्या वेळात थांबतो.