राई राखूनच उद्यान व्हावे

नाल्याकाठच्या राईचे सार्वजनिक उद्यान करावे, या प्रस्तावाला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र त्यासाठी झुडपे काढून हिरवळ लावावी आणि पेव्हर ब्लॉक बसवावेत, ही सूचना मला पटत नाही. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हिरवळ जगवायला रोज पाणी लागते. मुळे धरलेल्या हिवर, बाभूळ, कडुनिंबाला ते लागत नाही. गेल्या आठवड्यात पाण्यावर झुकलेल्या एकाच बाभळीवर मी सुगरणीचे सात खोपे मोजले, आणि खालच्या बोरीच्या जाळीत मुंगसाची ये-जा चालली होती. ती जाळी काढली, तर उरेल ते काय?

त्याहून महत्त्वाची बाब कागदाची आहे. विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण पडले, एवढ्याने खासगी जागा वाचत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, १० वर्षांत जागा संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून आपल्या निवेदनात संपादनाची मागणी सर्वांत वर असावी, बाके आणि दिवे नंतर.

राखणदारी आपणच करायची आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या ग्रामस्थांनी उजाड झालेले जंगल असेच राखून पुन्हा उभे केले, आणि त्या कामासाठी त्यांचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रविवारच्या राखणीच्या पहिल्या फेरीला मी येतो.