तासभर पेपर नको, साठ शब्द पुरे
रोज तासभर इंग्रजी पेपर मोठ्याने वाचा, असा सल्ला इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेसाठी कुणीतरी दिला होता. सवय म्हणून ठीक आहे, पण पीटीईच्या (परदेशी शिक्षण-स्थलांतरासाठीची, संगणकावर द्यायची इंग्रजी परीक्षा) 'रीड अलाउड'साठी, म्हणजे पडद्यावरचा उतारा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या प्रश्नासाठी, मला तरी त्याचा फार उपयोग झाला नाही. तिथे उतारा असतो जास्तीत जास्त ६० शब्दांचा, तयारीला ३०-४० सेकंद. मध्येच ३ सेकंद गप्प राहिलात की रेकॉर्डिंग बंद.

मी भुसावळला घरी ऐन मे महिन्यात, कूलर घरघरत असताना फोनवर रेकॉर्ड करायचो. मुद्दामच, कारण परीक्षेच्या खोलीत शेजारचेही बोलतच असतात. पहिल्यांदा स्वतःला ऐकलं आणि लाजच वाटली. 'डेव्हलपमेंट'चं एकेक अक्षर सारख्याच जोराने, पाढे म्हटल्यासारखं! जोर फक्त 'व्हे'वर हवा, बाकीचं हलकं जाऊ द्यायचं.

आपल्या खानदेशात बोलताना 'केळी'ची 'केयी' होते म्हणून घाबरू नका, इंग्रजीत 'ळ' नाहीच. खरी गोची 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू. आरशासमोर 'व्हेस्ट', 'वेस्ट' आलटून पालटून म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

तयारीच्या सेकंदांत मनात वाचू नका, पुटपुटा, आणि कुठे थांबायचं ते हेरा. एखादा शब्द चुकलाच तर मागे वळून दुरुस्त करू नका. मी पहिल्या सराव परीक्षेत एकच शब्द तीनदा म्हटला आणि ओघाचे गुण घालवून बसलो.