उतारावर ब्रेक दम सोडतो: रोटर मोठा घ्यावा की पॅड बदलावेत?

पुढच्या शनिवार-रविवारी आम्ही सातजण जंगलातल्या ट्रेलवर माउंटन बाइकिंगला जातोय. मुळं, ओले दगड आणि सलग सहा किमीचा तीव्र उतार. सरावात अर्ध्या उतारावरच माझा पुढचा ब्रेक पकडेनासा झाला, जळका वासही आला. लिव्हर मात्र घट्टच होता, अजिबात स्पंजी नाही. पाच मिनिटं थांबलो की पुन्हा ठीक.

हायड्रॉलिक डिस्क आहे, मिनरल ऑइलवाली. दोन्हीकडे 160 मिमी रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती), तिला दाबणारे रेझिन पॅड. माझं वजन 92 किलो, वर पाच किलोची बॅग. ब्लीड केलंय (म्हणजे तेलातली हवा काढलीय), नवे पॅड नीट बसवून बेड-इनही केलेत (पुन्हापुन्हा ब्रेक मारून रोटरवर बसवलेत). फरक शून्य. (ब्रेक सतत धरून ठेवायची सवय आहे, कबूल, ती सोडतोय. पण सहा किमीत किती सोडणार?)

सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड टाकावेत म्हटलं तर रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं आहे, म्हणजे रोटर बदलणं आलंच. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला) 180 मिमी रोटरपर्यंत परवानगी आहे, अडॅप्टरही मिळतोय. नवा ब्रेक सेट सध्या शक्य नाही.

तर पुढे 180 आणि सिंटर्ड पॅड टाकून मागचं 160-रेझिन तसंच ठेवलं तर चालेल, की एवढ्या वजनाला मागेही बदलावंच लागेल?