चेकलिस्टवर सह्या होतात, पण टाइम आउटला कोणी थांबत नाही. एचओडीने काय करावं?

प्रश्न
जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट फाइलला लावलेली असते, सगळे टिकमार्क पूर्ण असतात. पण अनेक ओटींत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ती केस संपल्यावर एका दमात भरली जाते. चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबून मोठ्याने खात्री करायची, म्हणजे टाइम आउट, तो होतच नाही. सर्क्युलर काढून फरक पडत नाही. विभागप्रमुखाने (एचओडी) नेमकं काय बदलावं?

प्रतिसाद १
२००९ मध्ये दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला. चेकलिस्टनंतर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या १०१ रुग्णालयांचे आकडे आले, तिथे लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या मते नुसत्या सक्तीने टिकमार्क वाढतात, बोलणं वाढत नाही.

सुरुवात एचओडीच्याच केसपासून करा. टाइम आउट पूर्ण होईपर्यंत स्क्रब सिस्टरने (सर्जनला हत्यारं देणारी नर्स) ब्लेड हातात द्यायचं नाही, मग समोर कोणीही सर असोत. चेकलिस्ट वाचणार फ्लोअर सिस्टर (निर्जंतुक भागाबाहेर काम करणारी नर्स). "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येतं. "बाजू कोणती?", "रक्तस्राव किती अपेक्षित?", "अँटिबायोटिक किती वाजता दिलं?" असं विचारा. शेवटचं उत्तर चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांत बसायला हवं. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं लागतात.

प्रतिसाद २
एक भर: व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सावकाश द्यावं लागतं, म्हणून ते १२० मिनिटं आधीपर्यंत सुरू करतात. टुर्निके (हातापायाचा रक्तप्रवाह थांबवणारा फुगवायचा पट्टा) असेल तर औषध तो फुगवण्याआधी पूर्ण जायला हवं.

खरी परीक्षा मॉपच्या (रक्त टिपायच्या कापडाच्या) मोजणीत होते. मोजणी दोघी सिस्टरनी, मोठ्याने, फळ्यावर लिहून करायची. चिऱ्याआधी, पोकळी बंद करण्याआधी आणि त्वचा शिवताना. मध्येच सिस्टर बदलली तर पुन्हा. मॉप कापायचा नाही, एक्स-रेत दिसणारी पट्टी असलेलाच वापरायचा. एक कमी भरला की शिवणं थांबवून जखम, ड्रेप (रुग्णावरची निर्जंतुक चादर), बादली, फरशी तपासायची. तरीही सापडला नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे. त्या क्षणी "नीट मोजा हो" म्हणून सर्जन शिवत राहिला, तर पुढच्या वेळी ती सिस्टर गप्प बसते. तिथे एचओडीने सर्वांसमोर सिस्टरची बाजू घ्यायलाच हवी. नंतर केबिनमध्ये बोलावून समजूत काढण्याचा उपयोग नाही.

प्रतिसाद ३
थोडक्यात टळलेल्या चुकांसाठी एका पानाचा फॉर्म ठेवा, नाव ऐच्छिक. मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये (मृत्यूंचा आढावा घेणारी बैठक) दर महिन्याला त्यातल्या दोन घ्या. "कोणी केलं" हा प्रश्न नको, "कुठली पायरी गळली" हा हवा. आणि फॉर्ममुळे काय बदललं ते ओटीच्या फळ्यावर लिहा. दोन महिने उत्तर आलं नाही की फॉर्म येणं बंद होतं.